सफदर हाश्मींचा परिचय : ओळीओळीने भाष्य

पथनाट्य स्पर्धेच्या कार्यक्रमपत्रिकेवर, सूत्रसंचालकाच्या हातातल्या कागदावर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि १२ एप्रिलच्या आसपास छापल्या जाणाऱ्या टिपणांत सफदर हाश्मींचा परिचय ठरल्यासारखा येतो. शब्द बदलतात, सांगाडा तोच राहतो. तो सांगाडा मी खाली माझ्या शब्दांत, एकेका वाक्यात मांडला आहे. हा कोणा एका लेखकाचा मजकूर नव्हे आणि कोणाला कोंडीत पकडण्याचा हेतूही नाही. प्रत्येक वाक्यापाशी थांबायचे, त्यात पक्के काय आणि अर्धे काय ते पाहायचे, आणि कोणत्या विधानाला कसला पुरावा मागावा हे ठरवायचे, एवढेच काम आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या परिचयातल्या चुका निरनिराळ्या असल्या तरी बहुतेक एकाच बाजूला कललेल्या आहेत. दर चुकीसरशी सफदरच्या शेजारी उभे असलेले कोणीतरी गळून पडते. कधी सहलेखक, कधी संस्थेतली माणसे, आणि एकदा तर ज्या हल्ल्यात सफदर मारले गेले त्याच हल्ल्यात गोळी लागून मेलेला कामगार. ज्याने सगळे काम गटात राहून केले, त्याच्या चरित्रातून गटच काढून टाकला तर तारखा बरोबर असूनही चरित्र चुकते.

१. ‘नाटककार, अभिनेते आणि डाव्या चळवळीतील कार्यकर्ते सफदर हाश्मी यांचा जन्म १२ एप्रिल १९५४ रोजी दिल्लीत झाला.’

तारीख आणि गाव दोन्ही पक्के. वडील हनीफ हाश्मी, आई कमर आझाद हाश्मी. आईने मुलावर ‘पाँचवाँ चिराग’ नावाचे पुस्तक लिहिले आहे. घर, नातीगोती, लहानपण यांविषयी तिच्या शब्दाइतका वजनदार पुरावा दुसरा मिळणार नाही. मात्र एखाद्या नाटकाचा पहिला प्रयोग कुठे झाला हे ठरवायचे असेल तर आईच्या आठवणीपेक्षा संस्थेची नोंद पुढे ठेवावी लागते. एकाच साक्षीदाराचे वजन प्रश्नागणिक बदलते, हे चरित्र तपासणाऱ्याने कायम ध्यानात ठेवावे. सफदरचे लहानपण अलीगढ आणि दिल्लीत गेले. त्यामुळे कोणी त्यांना ‘अलीगढचे’ म्हणाले तर ते अगदीच निराधार नाही, पण जन्मस्थानाच्या रकान्यात दिल्लीच हवी.

‘डाव्या चळवळीतील’ हे मोघम विशेषण मला खटकते. सफदर भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे (मार्क्सवादी) सभासद होते. विद्यार्थिदशेत स्टुडंट्स फेडरेशन ऑफ इंडियाच्या सांस्कृतिक कामात आणि इप्टा या नाट्यसंघटनेत होते. पक्षाचे नाव लिहायला मराठी परिचयकार कचरतात आणि ‘पुरोगामी’, ‘डावे’, ‘समाजवादी विचारांचे’ असा जो शब्द हाताला लागेल तो वापरतात. त्यातला ‘समाजवादी’ तर महाराष्ट्रात वेगळ्याच परंपरेकडे बोट दाखवतो, राष्ट्र सेवा दलाकडे, साने गुरुजींकडे. वाचकाला सफदरचे राजकारण पटो न पटो, ते नेमके कोणते होते हे त्याला कळलेच पाहिजे. पक्ष लपवला तर १ जानेवारी १९८९ ला हा माणूस झंडापूरच्या कामगारवस्तीत, जिथे त्याच्यावर हल्ला झाला, तिथे कशासाठी गेला होता याचे उत्तर परिचयात कुठेच सापडत नाही.

२. ‘सेंट स्टीफन्स महाविद्यालयातून इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन त्यांनी दिल्ली विद्यापीठातून एम.ए. केले.’

बरोबर. यावर फार बोलण्यासारखे नाही. एवढेच पाहावे की या वाक्याला पुष्कळदा ‘असे उच्चभ्रू शिक्षण असूनही’ अशी शेपटी जोडली जाते. ती वस्तुस्थिती नव्हे, लिहिणाऱ्याने घातलेली भर आहे. सफदरचे घर मुळातच कम्युनिस्ट विचारांचे होते. कामगारांकडे जाण्यासाठी त्यांना घराण्याशी फारकत घ्यावी लागली असे चित्र रंगवायला आधार नाही.

३. ‘१९७३ मध्ये त्यांनी जन नाट्य मंच ही पथनाट्य संस्था स्थापन केली.’

एका वाक्यात दोन घसरणी. पहिली ‘त्यांनी’ या शब्दात. जन नाट्य मंच, म्हणजे सगळे ज्याला ‘जनम’ म्हणतात ती संस्था, इप्टाच्या दिल्लीतल्या कामातून बाहेर पडलेल्या तरुण मुलामुलींनी मिळून उभी केली. सफदर त्यांतले एक. तेव्हा त्यांचे वय १९. संस्थापक सदस्य म्हणावे, एकमेव संस्थापक म्हणू नये. मृत्यूनंतर सफदरचे नाव इतके मोठे झाले की मागे वळून पाहणाऱ्याला १९७३ सालीही तेच एक नाव दिसू लागले. चरित्रलेखनात हा दोष फार जुना आहे. शेवटी जो प्रसिद्ध झाला तोच पहिल्यापासून पुढे होता, असे गृहीत धरले जाते.

दुसरी घसरण ‘पथनाट्य संस्था’ या शब्दांत. १९७३ मध्ये जनम पथनाट्य करीत नव्हते. पहिली काही वर्षे ते मोकळ्या मैदानात तात्पुरता रंगमंच उभारून पूर्ण लांबीची नाटके करीत. सर्वेश्वरदयाल सक्सेना यांचे ‘बकरी’, रमेश उपाध्याय यांचे ‘भारत भाग्य विधाता’ ही त्या काळातली नाटके. मंच, दिवे, वेशभूषा असा सगळा सरंजाम त्यांत होता. मग आणीबाणी आली, काम थंडावले, आणि ती उठल्यावर वेगळीच अडचण पुढे आली. पूर्वी ज्या कामगार आणि किसान संघटना नाटके बोलावत, त्यांच्याकडे मोठ्या नाटकाचा खर्च पेलण्याइतका पैसा उरला नव्हता. म्हणून या मंडळींनी ठरवले की छोटी, स्वस्त, कुठेही उचलून नेता येतील अशी नाटके करायची. जनमचे पथनाट्य १९७८ साली सुरू झाले ते असे. संघटनांच्या रिकाम्या तिजोरीतून आणि त्यावर काढलेल्या तोडग्यातून.

या टप्प्यात एक तुकडा मात्र आधीचा आहे आणि तो गाळू नये. जून १९७५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली, त्यानंतर जनमने ‘कुर्सी, कुर्सी, कुर्सी’ हे छोटे प्रहसन बसवले. राजा खुर्चीवरून उठू पाहतो तर खुर्चीही त्याच्याबरोबर उठते. दिल्लीच्या बोट क्लबच्या हिरवळीवर त्याचे प्रयोग झाले आणि पाठोपाठ आणीबाणी लागली. ‘आणीबाणीच्या विरोधात केलेले नाटक’ असे त्याचे वर्णन आढळते, ते उलटे आहे. नाटक आधीचे, आणीबाणी २५ जूनची.

४. ‘आणीबाणीच्या काळात त्यांनी गढवाल, काश्मीर आणि दिल्लीच्या विद्यापीठांत इंग्रजी शिकवले.’

ढोबळ मानाने खरे. सापळा आहे तो गावाच्या नावात. गढवाल विद्यापीठ ज्या गावी आहे त्याचे नाव श्रीनगर, आणि काश्मीर विद्यापीठही श्रीनगरलाच. पहिले पौडी गढवाल जिल्ह्यात अलकनंदेच्या काठी, दुसरे झेलमच्या. सफदरने दोन्हीकडे शिकवले असल्याने नुसते ‘श्रीनगरला अध्यापन’ असे लिहिले की एक गाव आपोआप दुसऱ्यात विरघळते आणि गढवालचा काळ परिचयातून नाहीसा होतो. शिवाय गढवालपुढे कंसात ‘उत्तराखंड’ लिहिताना जपावे. ते राज्य नोव्हेंबर २००० मध्ये झाले. सफदरच्या हयातीत हा सगळा डोंगराळ भाग उत्तर प्रदेशात होता.

५. ‘१९७८ मध्ये त्यांनी लिहिलेले “मशीन” हे पहिले पथनाट्य दोन लाख कामगारांपुढे सादर झाले.’

या वाक्यापाशी मला जास्त वेळ थांबायचे आहे.

‘त्यांनी लिहिलेले’ हे अपुरे आहे. ‘मशीन’ राकेश सक्सेना आणि सफदर यांनी मिळून लिहिले. राकेश सक्सेनांचे नाव मराठीतल्या परिचयांत मला अगदी क्वचित दिसले आहे. जनमची बरीचशी नाटके अशीच घडली. विषयावर चर्चा व्हायची, तालमीत प्रसंग उभे राहायचे, कोणीतरी बसून ते कागदावर उतरवायचा आणि पुन्हा तालमीत ते मोडले जायचे. प्रकाशित करतानाही कित्येक नाटकांवर लेखक म्हणून संस्थेचे नाव असते. सफदर त्यातले महत्त्वाचे लेखक होते यात वाद नाही. तरीही त्यांना ‘नाटककार’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे गडकरी किंवा तेंडुलकर येत असतील, एकट्याने संहिता पुरी करून नाट्यसंस्थेच्या हाती देणारे, तर ती प्रतिमा इथे बसत नाही.

नाटकाची बीजघटना खरी आहे. दिल्लीजवळच्या हेरिग इंडिया या कारखान्यात कामगारांच्या मागण्या साध्या होत्या. सायकली ठेवायला जागा द्या आणि चहापाण्याची सोय असलेले उपाहारगृह द्या. मालकाने नकार दिला, संप झाला, पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या आणि सहा कामगार मेले. ही हकिगत एका जुन्या कार्यकर्त्याने या मुलांना सांगितली आणि तीतून पाव तासही न लागणारे नाटक तयार झाले.

ते दिसायचे कसे हेही सांगायला हवे, कारण नुसत्या नावावरून कल्पना येत नाही. रिकाम्या जागेत नट एकेक करून येतात, एकमेकांना खेटून उभे राहतात. कोणाचा हात वरखाली, कोणाची मान डावीउजवीकडे, कोणाच्या तोंडून वाफेचा फुसफुसाट. बघता बघता माणसांच्या अंगांचे एक यंत्र चालू होते. मग ते खडखडत बंद पडते. सूत्रधार विचारतो, का थांबले? आणि यंत्राचे भाग एकेक करून सुटे होतात. हा कामगार, हा पहारेकरी, हा मालक. नेपथ्य शून्य, सामान शून्य. कारखान्यात आठ तास यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नव्हते.

आता आकडा. ‘मशीन’चे प्रयोग ऑक्टोबर १९७८ मध्ये सुरू झाले. २० नोव्हेंबर १९७८ रोजी बोट क्लबवर जनता सरकारच्या औद्योगिक संबंध विधेयकाविरुद्ध कामगारांची प्रचंड सभा झाली, तिथे ते सादर झाले. त्या सभेच्या उपस्थितीचे वेगवेगळे आकडे दिले जातात. कुठे दोन लाख, कुठे त्याहून बरेच कमी. अशा ठिकाणी मी सर्वांत मोठा आकडा उचलत नाही आणि सर्वांत लहानही नाही. ‘दीड-दोन लाखांच्या सभेत’ असे लिहिणे प्रामाणिक. आणि ‘सभेत’ हा शब्द महत्त्वाचा. लोक सभेला आले होते, नाटक त्या सभेचा भाग होते. हा प्रयोग पुढे दूरवर पोचला त्याचे कारणही गर्दीपुरते नाही. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या कामगार प्रतिनिधींनी ध्वनिफितीवर हे नाटक मुद्रित करून नेले आणि आपापल्या भाषेत बसवले. हा तपशील लिहिला की ‘मशीन’चे श्रेय आणखी कितीतरी अनामिक नटांमध्ये वाटले जाते, आणि तसेच व्हायला हवे.

६. ‘स्त्रियांच्या प्रश्नावर त्यांनी “औरत” लिहिले, बसभाड्याच्या प्रश्नावर “डीटीसी की धांधली”.’

दोन्ही १९७९ ची. ‘औरत’मध्येही राकेश सक्सेना सहलेखक आहेत. नाटकाच्या सुरुवातीला मर्झिए अहमदी ओस्कुई या इराणी क्रांतिकारक कवयित्रीची कविता येते, तेव्हा तिच्याही नावाची नोंद हवी. आणि ज्या अभिनेत्रीच्या शरीरा-आवाजावर हे नाटक उभे राहिले ती मोलोयश्री. परिचयांमध्ये तिचे नाव थेट शेवटच्या ओळीत, ‘पत्नी’ म्हणून येते. तिचा पहिला उल्लेख इथे, नटी म्हणून व्हावा.

मराठी वाचकाला ‘औरत’ म्हटले की ‘मुलगी झाली हो’ आठवते. ज्योती म्हापसेकरांचे ते नाटक स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ मध्ये रंगमंचावर आणले, म्हणजे ‘औरत’नंतर चार वर्षांनी. जवळजवळच्या काळात दोन भाषांमध्ये स्त्रियांच्या चळवळीने नाटक हाती घेतले, हे सांगणे पुरेसे आहे. एकाने दुसऱ्याचे उचलले असे सुचवणे हा अन्याय ठरेल.

‘डीटीसी की धांधली’ हे भाडेवाढ जाहीर झाल्यावर काही तासांत उभे राहिलेले नाटक. इतक्या घाईत एकटा माणूस लिहून, बसवून, रस्त्यावर उतरवू शकत नाही. वाक्यातले ‘त्यांनी’ काढून ‘जनमने’ लिहावे.

७. ‘१९८४ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ कार्यकर्ते झाले आणि त्यांनी चार हजारांवर प्रयोग केले.’

नोकऱ्यांची साखळी अशी : अध्यापनानंतर प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया, इकॉनॉमिक टाइम्स, आणि मग पश्चिम बंगाल सरकारचे दिल्लीतील माहिती अधिकारी. ही शेवटची जागा त्यांनी सोडली. ‘केंद्र सरकारची नोकरी’ असे जे कुठेकुठे येते ते साफ चूक. नेमणूक दिल्लीतली असली तरी सरकार कोलकात्याचे होते.

चार हजारांचा आकडा जनमच्या कामाविषयी नेहमी सांगितला जातो. तो संस्थेच्या सुमारे दहा वर्षांच्या पथनाट्यांचा आहे आणि एकट्या सफदरच्या नावावर टाकता येत नाही. वर्षाला सरासरी ४०० प्रयोग पडतात, म्हणजे रोज एकाहून जास्त. ऐकायला अशक्य वाटते, पण पाऊण तासाच्या आतले नाटक एका दिवसात तीन-चार वस्त्यांत होऊ शकते. आकडा संस्थेचा आहे असे म्हटले की तो पटतो. एका माणसाचा आहे असे म्हटले की कोणत्याही जाणत्या वाचकाला शंका येईल, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास डळमळेल.

८. ‘त्यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून “मोटेराम का सत्याग्रह” हे नाटक लिहिले.’

हबीब तन्वीर यांच्यासोबत, १९८८ मध्ये. मूळ कथेचे नाव ‘सत्याग्रह’. ‘चरणदास चोर’मुळे तन्वीर मराठी प्रेक्षकाला परिचित आहेत, तरी या वाक्यातून त्यांचे नाव का पडते कोण जाणे. या नाटकाची आठवण ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. सफदर फक्त रस्त्यावरचे नाटक मानत होते आणि बंदिस्त रंगमंचाला नाकारत होते, असा समज पसरलेला आहे. ‘मोटेराम’ रंगमंचाचे नाटक होते. मुलांसाठी कविता, गाणी, भित्तिपत्रके, वृत्तपत्री लेख, दूरदर्शनसाठी लेखन, यांतले त्यांनी काहीच कमी मानले नाही.

९. ‘१ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीत सरकारविरोधी “हल्ला बोल” नाटक करत असताना काँग्रेसच्या गुंडांनी सफदर यांची हत्या केली. ते ३५ वर्षांचे होते.’

या दोन वाक्यांचा एकेक शब्द उलटून पाहावा लागतो.

*१ जानेवारी.* हल्ल्याची तारीख ही. मृत्यू २ जानेवारीला रात्री, दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात. दोन तारखा एकमेकींत मिसळल्याने स्मृतिदिन कुठे १ ला तर कुठे २ ला पाळला जातो. १ तारखेला जनम दरवर्षी हल्ल्याच्या जागी कार्यक्रम करते, म्हणून ती तारीख लोकांच्या मनात अधिक ठसली आहे. परिचयात दोन्ही द्याव्यात आणि कोणती कशाची ते लिहावे.

*दिल्लीत.* नव्हे. जागा झंडापूर, साहिबाबादच्या औद्योगिक पट्ट्यातली कामगारवस्ती, गाझियाबाद जिल्हा, उत्तर प्रदेश. दिल्लीच्या सीमेला लागून असली तरी राज्य वेगळे, पोलीस वेगळे, न्यायालय वेगळे. पुढे खटला गाझियाबादला का चालला हे या एका शब्दावर अवलंबून आहे.

*सरकारविरोधी.* नाटक मुळात ‘चक्का जाम’ नावाने, नोव्हेंबर १९८८ मध्ये दिल्ली परिसरातल्या कामगारांच्या सात दिवसांच्या संपासाठी तयार झाले होते. किमान वेतन हा त्या संपाच्या केंद्रस्थानचा प्रश्न. संप झाल्यावर त्यात फेरफार करून ‘हल्ला बोल’ झाले. झंडापूरला त्याचा प्रयोग गाझियाबाद नगरपालिकेच्या निवडणुकीत माकपचे उमेदवार रामानंद झा यांच्या प्रचारासाठी ठेवला होता. म्हणजे प्रसंग निवडणुकीचा आणि नाटक मजुरीचे. नाटकातल्या कुठल्या जळजळीत वाक्याने कोणी पेटून उठले, अशी जी कथा रचली जाते तिला इथे जागा नाही. विरोधी उमेदवार आपल्या माणसांसह त्या रस्त्याने आला, प्रयोग चालू आहे, थोडे थांबा किंवा बाजूने जा असे त्याला सांगितले गेले, आणि त्यातून हल्ला झाला. मंडळींनी सीटू या कामगार संघटनेच्या कार्यालयात आसरा घेतला तेव्हा तिथेही हल्लेखोर आले. इतरांना निसटता यावे म्हणून सफदर दाराशी राहिले, असे त्या दिवशी हजर असलेल्यांनी सांगितले आहे.

हजर असलेल्यांपैकी एकाचा उल्लेख मराठी वाचकासाठी आवश्यक आहे. सुधन्वा देशपांडे १९८७ पासून जनममध्ये होते आणि त्या दिवशी संचात होते. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ लिहिणाऱ्या गो. पु. देशपांड्यांचे ते चिरंजीव. त्यांनी २०२० मध्ये सफदरवर इंग्रजीत ‘हल्ला बोल’ हे पुस्तक लिहिले. प्रत्यक्षदर्शीचे कथन आणि इतरांच्या मुलाखती दोन्ही त्यात आहेत, त्यामुळे तपासणी करणाऱ्याने पहिल्यांदा तिकडे वळावे. राजकुमार संतोषींचा २००८ चा त्याच नावाचा हिंदी चित्रपट मात्र पुरावा म्हणून हाती धरू नये. सफदरच्या मृत्यूचा धागा त्यात घेतला असला तरी कथा वेगळी आहे, आणि तिच्यातले प्रसंग सफदरच्या आयुष्यात शिरलेले मी परिचयांत वाचले आहेत.

*काँग्रेसच्या गुंडांनी.* हे वाक्य १९८९ साली लिहिणारा आरोप करीत होता. आज लिहिणाऱ्यापाशी निकाल आहे, तेव्हा त्याने निकालाच्या भाषेत लिहावे. नोव्हेंबर २००३ मध्ये गाझियाबादच्या न्यायालयाने काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या त्या उमेदवारासह दहा जणांना दोषी ठरवून जन्मठेप दिली. चौदा वर्षे लागली. ‘काँग्रेसच्या गुंडांनी’ या शब्दांत संताप आहे आणि तो मला कळतो. पण ‘न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवले’ या वाक्याला कोणी हात लावू शकत नाही, आणि राजकीय संबंध काय होता तेही त्यात स्पष्ट येते. विशेषणापेक्षा निकालच जास्त बोलतो.

*३५ वर्षांचे.* बोटांवर मोजावे. १२ एप्रिल १९५४ ते २ जानेवारी १९८९. पस्तिसावा वाढदिवस यायला तीन महिन्यांहून जास्त अवकाश होता. वय ३४. सालातून साल वजा करून वय काढले की ही चूक हमखास होते.

*सफदर यांची हत्या.* आणि राम बहादूर? त्याच हल्ल्यात त्याच वस्तीतला हा नेपाळी कामगार गोळी लागून जागीच मेला. तो नाटकातला नव्हता. त्या दिवशी मृत्यू दोन झाले, दोघांसाठी खटला एकच चालला, आणि परिचयात मात्र एकच नाव राहिले. बाकीच्या चुका अनवधानाच्या असतील, ही मी तशी मानत नाही. कामगारांसाठी नाटक करणाऱ्याची स्मृती जपताना कामगाराचेच नाव गाळले जाते, हे मला असह्य वाटते. ज्या परिचयात राम बहादूर नाही तो परिचय, बाकी सगळे अचूक असले तरी, माझ्या लेखी नापास आहे.

१०. ‘पतीच्या मृत्यूनंतर दोनच दिवसांनी मोलोयश्री यांनी त्याच जागी नाटक पूर्ण केले.’

४ जानेवारी १९८९. मृत्यूपासून दोन दिवस, हल्ल्यापासून तीन. तारीख बरोबर, आणि तेवढ्याच खात्रीने सांगावे की नाटक पूर्ण केले ते जनमच्या संचाने. अंगावर मार खाल्लेली, तीन दिवसांपूर्वी जीव वाचवून पळालेली माणसे पुन्हा त्याच चौकात गेली. त्यांत मोलोयश्री होत्या, आणि त्या ‘पतीच्या’ म्हणून नव्हे, संचातल्या नटी म्हणून उभ्या राहिल्या. भोवती हजारो लोक जमले होते. आदल्या दिवशी दिल्लीत सफदरची मोठी अंत्ययात्रा निघाली होती. त्याच महिन्यात दिल्लीतल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात शबाना आझमींनी व्यासपीठावरून निषेधाचे निवेदन वाचले. ही घटना परिचयात यावी, पण झंडापूरच्या ४ जानेवारीच्या आधी तिला जागा मिळू नये.

११. ‘त्यांनी स्थापन केलेली “सहमत” ही संस्था आजही त्यांचे काम चालवते.’

सफदर ‘सहमत’ स्थापन करू शकत नव्हते. हे नावच सफदर हाश्मी मेमोरियल ट्रस्ट या नावावरून घेतलेले आहे. भीष्म साहनींसह अनेक लेखक-कलावंतांनी ती संस्था १९८९ मध्ये सफदरच्या मृत्यूनंतर उभी केली. जनम आणि सहमत या दोन वेगळ्या संस्था आहेत. सहमतचे काम प्रदर्शने, प्रकाशने, कलावंतांची एकजूट या अंगाने झाले. नाटके करते ती जनम, आणि १२ एप्रिल २०१२ रोजी दिल्लीच्या शादी खामपूर भागात ‘स्टुडिओ सफदर’ ही नाटकाची जागा सुरू झाली तीही जनमच्या पुढाकाराने. १२ एप्रिल हा राष्ट्रीय पथनाट्य दिन म्हणून पाळण्याची प्रथा देशभरच्या नाट्यगटांनी पाडली.

महाराष्ट्रातही या दिवशी चौकाचौकांत प्रयोग होतात आणि आधी कोणीतरी परिचय वाचतो. त्या मित्रांना माझे सांगणे एवढेच : कागदावर जागा थोडी असेल तर सेंट स्टीफन्स गाळा, नोकऱ्या गाळा, दोन लाखांचा आकडाही गाळा. राकेश सक्सेना, मोलोयश्री आणि राम बहादूर ही तीन नावे मात्र लिहा, आणि ती मोठ्याने वाचा.